किरकोळ निद्रानाश

धाकटा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा सकाळचे पावणेसात झाले होते आणि वहिनी डबा भरत होती. त्याच्या अंगात कालचाच शर्ट होता, कालचीच पॅन्ट, आणि एकाच पायात मोजा.

"वहिनी, आज ऑफिसला जाऊ नकोस."

"का रे? कुणी येणार आहे का?"

"नाही. मला एकटं ठेवू नकोस."

वहिनीने मागे वळून पाहिलं. धाकटा म्हणजे तिचा दीर. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो नववीत होता. पहिल्या दिवशी तिने त्याला रीतसर 'भाऊजी' म्हणून हाक मारली, तर तो खुदकन हसला आणि दोन दिवस हसतच राहिला. तेव्हापासून तो 'धाकट्या' झाला तो झालाच. आता चौतीस वर्षांचा होता. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे यायचे, त्यावरून हा मेणात दात बसवून बघायचा, मग पक्की कवळी करायचा. चौदा वर्षांत त्याच्या हातची कवळी टोचते म्हणून परत आली नव्हती. मागच्या तीन आठवड्यांत मात्र एकच वरची कवळी त्याने पाच वेळा बनवली आणि पाच वेळा मोडून टाकली. लॅबच्या मालकाने परवाच वहिनीला फोन करून विचारलं होतं, "घरी काही झालंय का हो?" घरी काहीच झालं नव्हतं. तिने मालकाला तसंच सांगितलं होतं, आणि फोन ठेवल्यावर आपल्याला त्याचा राग का आला हे तिला कळलं नव्हतं.

"बरं वाटत नाहीये का?"

"डोक्यात नको ते येतंय."

"नको ते म्हणजे काय?"

तो ओट्याकडे बघत राहिला. "मरायचं येतंय."

त्याने हे दूध नासलंय म्हणून सांगावं इतक्या साध्या आवाजात सांगितलं. वहिनीच्या हातातला डाव हातातच राहिला. आपण आता काहीतरी म्हणायला हवं हे तिला कळत होतं, पण जे जे सुचत होतं ते सगळं मूर्खपणाचं होतं. शेवटी ती म्हणाली, "बस. आधी दुसरा मोजा घाल." मग गॅस बंद करून तिने ऑफिसला फोन लावला.

वहिनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायची, अठरा वर्षं. साहेब म्हणाले, "अहो, आज मंगळवार आहे. मंगळवारी किती गर्दी असते तुम्हाला माहीत आहे. आजारी कोण आहे?"

"दीर."

"ताप आहे?"

"नाही."

"मग?"

'मग'चं उत्तर तिच्या तोंडून निघेना. "पोटात दुखतंय त्याच्या," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच चीड आली. पोटदुखीला लगेच सुट्टी मिळते, हेही तिला ठाऊक होतं आणि म्हणूनच ती तसं म्हणाली होती.

थोरला, म्हणजे तिचा नवरा, दूर एका पुलाच्या कामावर सुपरवायझर होता आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. त्याचा फोन लागला नाही. मग वहिनीने मदतीच्या फोनचा नंबर शोधून काढला. चोवीस तास, मोफत, गोपनीय, असं तिथे लिहिलेलं होतं. फोन लावल्या लावल्या एका गोड आवाजाच्या बाईने सांगितलं, की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग बासरी वाजली. मग त्याच बाईने सांगितलं, की रांगेत आपला क्रमांक चौदावा आहे.

वहिनीने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. धाकटा समोर बसला. तेरावा, बारावा, बासरी. मध्येच तिने त्याच्यापुढे चहा सरकवला, तो त्याने प्यायला नाही. सातवा. सहावा. "आता येईल हं नंबर," ती म्हणाली, जणू रांग तिनेच हलवली होती. चौथा. आणि मग कट्ट आवाज आला आणि फोन बंद पडला.

पुन्हा लावला, तर क्रमांक सतरावा.

"अगं आई गं!" वहिनी फोनवरच ओरडली. "माणूस आहे का कुणी तिथे?"

धाकटा म्हणाला, "जाऊ दे वहिनी. तसंच असतं ते."

त्याला कसं माहीत, हे विचारायचं तिला त्या क्षणी सुचलं नाही.

साडेनऊला ती त्याला घेऊन समुपदेशन केंद्रात गेली. चार बस स्टॉप पलीकडे, औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. जिन्यात हिरवा रंग, भिंतीवर उगवत्या सूर्याचं चित्र आणि खाली लिहिलेलं, 'बोला, आम्ही ऐकतोय.' काउंटरवरची मुलगी ऐकत नव्हती, ती स्टेपलरमध्ये अडकलेली पिन नखाने काढत होती.

"अपॉइंटमेंट आहे?"

"नाही. पण तातडीचं आहे."

"तक्रार काय आहे?" हे तिने वहिनीला नाही, मागे उभ्या धाकट्याला विचारलं, आणि चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं. बाकावरच्या पाच माणसांनी माना वर केल्या.

धाकटा म्हणाला, "झोप येत नाही."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

"नुसती झोप नाही," वहिनी आवाज खाली आणून म्हणाली, "त्याच्या मनात वाईट विचार येतायत. जिवाचं बरंवाईट करण्याचे."

मुलीचा चेहरा जरासा बदलला. तिने वही उलटी-सुलटी केली. "पहिली मोकळी वेळ पुढच्या महिन्यात एकवीस तारखेला आहे. दुपारी तीन. लिहू?"

"अहो, आज! आज काय करायचं?"

"तातडीच्या केसेससाठी आमच्याकडे सोय नाही मॅडम. त्यासाठी हॉस्पिटल. आणि हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाला आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र लागतं. तोवर हा फॉर्म भरून ठेवा."

फॉर्म अकरा पानी होता. चौथ्या पानावर विचारलं होतं, 'गेल्या दोन आठवड्यांत आपल्याला किती वेळा निराश वाटलं?' आणि पुढे चार चौकोन. फॉर्मबरोबर एक पत्रकही मिळालं, त्यात खोल श्वास कसा घ्यायचा ते चित्रांसह समजावलं होतं. वहिनीने एकवीस तारीख लिहून घेतली, कारण मिळेल ती तारीख आधी पदरात पाडून घ्यावी हे ती खिडकीमागे बसून शिकली होती. जिना उतरताना मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मुलीचा तिला फारसा राग नव्हता. ती मुलगी जे बोलली ते शब्द न शब्द वहिनीच्या ओळखीचे होते. 'आमच्याकडे सोय नाही.' 'त्यासाठी अमुक विभाग.' 'तोवर हा फॉर्म.' अठरा वर्षं ती हेच बोलत आली होती, फक्त पाण्याबद्दल.

"झोप येत नाही काय रे?" रस्त्यावर येताच ती धाकट्यावर डाफरली. "सकाळी मला काय सांगितलंस?"

"सगळे बघत होते."

"बघू देत की!"

"तुझं बरं आहे," तो म्हणाला.

नेहमीच्या डॉक्टरांकडे पावणेबाराला नंबर लागला. हे डॉक्टर म्हणजे घरचाच माणूस असल्यासारखे. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात तेच यायचे. त्यांनी धाकट्याची नाडी पाहिली, जीभ पाहिली, छातीला नळी लावली.

"काय होतंय?"

"थोडा थकवा आहे," धाकटा म्हणाला.

मरायचं, मग झोप, मग थकवा. वहिनीच्या डोळ्यांदेखत सकाळपासून त्याचं दुखणं प्रत्येक टेबलावर थोडं थोडं झिजत चाललं होतं. आणखी दोन टेबलं फिरवलं असतं तर हा माणूस म्हणाला असता, की मी ठणठणीत आहे, सहज आलो होतो.

"थकवा नाही डॉक्टर," ती म्हणाली. "सकाळी तो मला म्हणाला की मरावंसं वाटतंय."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ते हसले. वाईट हसले नाहीत, मायेने हसले, आणि तेच जास्त लागलं. "अहो, असं येतं कधीकधी मनात. दिवसभर त्या कवळ्या, डोळ्यांना ताण, मानेला ताण. चौतिशी आली, अजून एकटा. लग्न करून द्या, सगळं जागेवर येईल." त्यांनी शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. वहिनी अडूनच बसली, तेव्हा पत्रही लिहून दिलं, लिफाफ्यात घालून.

बाहेर आल्यावर तिने लिफाफा फोडला. डॉक्टरांचं अक्षर लागायला वेळ लागला. 'रुग्णास कामाच्या ताणामुळे किरकोळ निद्रानाश. सवडीने तपासावे.'

सवडीने. ती तशीच मागे फिरली. कंपाउंडर दार ओढून घेत होता. "डॉक्टर जेवायला गेले. आता पाचला."

"आत्ता तर आत होते!"

"मागच्या दाराने जातात."

वहिनी पायरीवर मटकन बसली. शेजारी धाकटा बसला. तेवढ्यात थोरल्याचा फोन आला. मागे यंत्रांचा घरघराट. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"अगं, झोप झाली नसेल त्याची," थोरला म्हणाला. "जेवायला घाल आणि झोप म्हणावं. मी शनिवारी येतोच आहे."

"आज मंगळवार आहे."

"मग काय झालं? चार दिवस तर आहेत. तू उगाच त्याला घेऊन वणवण करू नकोस, अशाने माणूस जास्त घाबरतो."

"तुम्ही तिकडे बसून मला शिकवू नका!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की समोरचा सायकल दुरुस्तीवाला पंप मारायचा थांबला. "घाबरायचं असेल तर तुम्ही घाबरा जरा. इथे मी एकटीच घाबरतेय सकाळपासून." आणि तिने फोन बंद केला.

धाकट्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "दादाला कशाला सांगितलंस?"

दोन वाजता ती दोघं हॉस्पिटलात पोचली. मानसोपचार विभागाची खिडकी एकला बंद झाली होती. वहिनी तडक तातडीच्या विभागात गेली. तिथे लांबलचक हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, एका मुलाच्या कपाळावर रक्ताळलेला रुमाल, एका म्हातारीचा ऑक्सिजनचा सिलिंडर चाकांवर. काउंटरवर मिशीवाला कारकून. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि माणूस ओळखला. खुर्चीला टॉवेल, हाताशी दोन पेनं, एक चालणारं आणि एक लोकांना द्यायचं.

धाकट्याला तिने खुर्चीवर बसवलं. या वेळी त्याला बोलू द्यायचंच नाही असं ठरवून ती एकटी पुढे गेली आणि जे आहे ते स्वच्छ सांगितलं. पत्र दिलंच नाही. ते तिने पर्समध्ये खाली दाबून टाकलं होतं.

कारकुनाने लिहिता लिहिता विचारलं, "काही केलंय का त्यांनी?"

"म्हणजे?"

"काही घेतलंय, इजा करून घेतलीय, असं?"

"नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग ही इमर्जन्सी होत नाही बाई. उद्या सकाळी नऊला मानसोपचारच्या खिडकीवर या. पत्र घेऊन."

वहिनीला क्षणभर काही दिसेनासं झालं. आवाज मात्र आपोआप शांत झाला, इतका शांत, की तो तिला स्वतःलाच परका वाटला.

"म्हणजे आधी काहीतरी करून यायचं, आणि मग तुम्ही घेणार?"

"तसं म्हणालो का मी?"

"दुसरं काय म्हणालात? बरं, तुमचं नाव सांगा."

"नाव कशाला?"

"आणि ते रजिस्टर पुढे घ्या. त्यात लिहा, की दोन वाजून वीस मिनिटांनी अमुक बाई आपल्या दिराला घेऊन आली, दीर मरायच्या गोष्टी करतोय असं तिने सांगितलं, आणि आम्ही त्याला उद्या या म्हणून परत पाठवलं. खाली सही करा. मी पण करते. मग मी जाते."

कारकून तिच्याकडे बघत राहिला. मागची रांग चुळबुळायला लागली. "बाई, पुढे सरका," कुणीतरी म्हणालं. "सरकणार नाही," वहिनी मागे न बघता म्हणाली. तोंडी काहीही बोलायला कुणी भीत नाही, लिहून सही करायला सगळे भितात, हे तिला जितकं माहीत होतं तितकं त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणालाच माहीत नसेल. कारकुनाने रजिस्टरला हातही लावला नाही. त्याने फोन उचलला आणि कुणाला तरी म्हणाला, "जरा बाहेर या हो. एक पेशंट आहे. हो, तसलाच."

जिंकल्यासारखी वहिनी वळली, तर खुर्ची रिकामी होती.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारच्या म्हातारीला विचारलं, तिला ऐकू आलं नाही. पुरुषांच्या बाथरूमच्या दारात उभी राहून तिने हाक मारली, आतून कुणीतरी अनोळखी "काय?" म्हणालं. ती फाटकाकडे पळाली, परत आली, मग मागच्या बाजूच्या व्हरांड्यात शिरली. तिथे धुतलेल्या चादरींच्या ट्रॉल्या उभ्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे तीन पायऱ्या. धाकटा पायरीवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत घालून.

"कुठे गेला होतास?"

"घरी निघालो होतो. मग दमलो."

"आणि मला न सांगता?"

"तुझी रजा फुकट जातेय वहिनी. सगळ्यांशी भांडतेयस. दादाशी भांडलीस. कुणालाच यात काही करता येत नाहीये. राहू दे ना."

वहिनी सकाळपासून रडली नव्हती. ती आताही रडली नाही, ती चिडली. "राहू दे काय राहू दे? तू सकाळी माझ्याकडे आलास ना? उठून आलास ना? मग आता माझ्यावर सोड. मला भांडता येतं, मी भांडते. तुला जे येतं ते तू कर. तुला नुसतं बसता येतंय ना? मग बस! पण जिथे बसवलं तिथे बस!" शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. चादरींच्या ट्रॉलीमागून एक जाडजूड गृहस्थ पुढे आला. निळा गणवेश, पांढरे केस, पायात रबरी चपला.

"मी इथला नर्स," तो म्हणाला. "काउंटरवरून पाठवलंय. हेच का ते?"

त्याने आत चला म्हटलं नाही. तो कण्हत कण्हत पायरीवर धाकट्याशेजारी बसला आणि गुडघे चोळत म्हणाला, "माझे गुडघे गेलेत, त्यामुळे एकदा बसलो की मी लवकर उठत नाही. तेव्हा सावकाश सांग. मरावंसं वाटतंय का तुला?"

वहिनीला धक्काच बसला. इतकं सरळ कुणी विचारतं का? दिवसभर तिने 'बरंवाईट', 'नको ते विचार', 'तसलं काही' असंच म्हटलं होतं. सरळ विचारलं तर त्याच्या डोक्यात ते पक्कं होईल अशी तिला भीती होती. पण धाकट्याचे खांदे मात्र खाली आले, डोक्यावरचं ओझं कुणी धरावं तसे.

"हो," तो म्हणाला.

"आजही?"

"आज जास्त."

"कसं करायचं, ते ठरवलंयस?"

धाकट्याने सांगितलं. हळू आवाजात, पण सगळं सांगितलं. वहिनीने ते ऐकलं आणि पुढे कधी कुणाला सांगितलं नाही, थोरल्यालाही नाही.

"मग केलं का नाहीस?" नर्सने विचारलं. त्याच्या आवाजात ना धाक होता, ना नवल.

"वहिनी उठली होती. डबा भरत होती. आवाज आला." मग त्याने स्वतःहून सांगितलं, "मागच्या आठवड्यात तीनदा फोन लावला होता मी. त्या मदतीच्या नंबरवर. एकदा तर दुसरा नंबर होता माझा. कट झाला."

वहिनी ट्रॉलीचा दांडा धरून उभी राहिली. मागच्या आठवड्यात जेवायच्या ताटावर तो कानाला फोन लावून बसला होता आणि ती म्हणाली होती, 'ठेव तो फोन आधी, घास थंड होतोय.' तिला वाटलं होतं, एखादी मुलगी असेल. मनातून बरंही वाटलं होतं.

"याला झालंय तरी काय?" तिने नर्सला विचारलं. "घरात काही नाही, कामावर काही नाही. कुणी काही बोललं नाही त्याला."

"दर वेळी काही व्हावंच लागतं असं नाही," नर्स म्हणाला. "हे आजारपण आहे. न्यूमोनिया झाला तर विचारतो का आपण, कुणी काही बोललं का म्हणून?" मग धाकट्याकडे वळून म्हणाला, "सांगितलंस ते फार बरं केलंस. आता मला उठायला हात दे."

धाकट्याने उभं राहून त्याला हात दिला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मानसोपचार विभागाची तरुण डॉक्टरीण यायला पाच वाजले. ती चांगली होती, पण दर दहा मिनिटांनी तिला बाहेरून हाक यायची आणि परत आली की ती विचारायची, "आपण कुठे होतो?" मग वहिनीला बाहेर जायला सांगितलं. "मी दिवसभर याच्याबरोबर आहे," वहिनी म्हणाली. "म्हणूनच," डॉक्टरीण म्हणाली, "थोडं त्यांना एकट्याला बोलू द्या." बंद दाराकडे बघत वहिनी चाळीस मिनिटं बसली आणि या गोष्टीचाही तिला राग आला. मानसोपचार वॉर्डात खाट नव्हती. साडेसहाला देखरेखीच्या खोलीत एक मिळाली, अपेंडिक्सवाल्या आणि पाय मोडलेल्याच्या मधली. उशी नव्हती. वहिनीने आपली शाल गुंडाळून दिली.

डॉक्टरणीने तिला बाजूला घेऊन सांगितलं, की घरातली औषधं आणि अमुक अमुक वस्तू कुलपात ठेवा, त्याला काही दिवस एकटं ठेवू नका, आणि विचारायचं झालं तर सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने काही बिघडत नाही. नर्सने जाता जाता एका चिठ्ठीवर तातडीच्या टेबलाचा थेट नंबर लिहून दिला. "यावर बासरी वाजत नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला आला. ट्रकमध्ये बसून, बस बदलून, मिळेल त्या वाहनाने. बुटांवर सिमेंट तसंच. खाटेजवळ उभा राहून तो धाकट्याला काय बोलावं ते न सुचून म्हणाला, "उशी नाही दिली का रे यांनी?" आणि मग तोंड वळवून खिडकीबाहेर बघत राहिला. वहिनीला त्याला खूप काही ऐकवायचं होतं. तिने ऐकवलंही, पण चार दिवसांनी.

मोठ्या मानसोपचारतज्ज्ञांनी धाकट्याला आठ मिनिटं तपासलं. वहिनीने घड्याळ लावून मोजली. गोळ्या सुरू केल्या. "गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील," ते म्हणाले.

"आणि तोवर?"

"तोवर तुम्ही आहातच ना."

चौथ्या दिवशी त्याला घरी सोडलं. थोरल्याने दहा दिवसांची रजा काढली आणि त्या दहा दिवसांत धाकट्याला इतकं सांभाळलं, इतकं सांभाळलं, की एकदा धाकटा बाथरूममधून ओरडला, "दादा, दाराबाहेर उभा राहून खाकरू नकोस!" वहिनी कामावर परतली. पहिल्याच दिवशी एक बाई तिच्या खिडकीशी आली, नऊ दिवस नळाला पाणी नव्हतं, आणि वहिनीच्या तोंडून नेहमीचंच निघालं, "तक्रार नोंदवलीय. नंबर घ्या." बोलून झाल्यावर तिला लाज वाटली. पण मागे साठ माणसं उभी होती आणि टँकर दोनच होते. लाज वाटून तिने काय करायचं होतं?

एकवीस तारखेची वाट मात्र तिने पाहिली नाही. ती रोज सकाळी नऊ वाजून एक मिनिटाने समुपदेशन केंद्राला फोन करायची. "कुणी रद्द केलंय का आज?" काउंटरवरची मुलगी आधी वैतागली, मग फोन उचलताच "नाही मॅडम" म्हणायला लागली, आणि बाराव्या दिवशी तीच म्हणाली, "आज चारचं रद्द झालंय. पोचाल का?"

दोघं पोचली. धाकट्याने लॅबचं काम अजून सुरूच केलं नव्हतं. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची, झोप यायची पण मोडकी-तोडकी. तो बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसला होता आणि दोनदा म्हणाला, की जाऊन काही उपयोग होणार नाही. वहिनी म्हणाली, "नाही झाला तर नाही झाला. चार वाजता तुला दुसरं काय काम आहे?"

समुपदेशक बाई पन्नाशीच्या होत्या, केस कापलेले, हातात पाण्याची बाटली. त्यांनी वहिनीला बाहेरच बसायला सांगितलं. आता तिला याची सवय व्हायला हवी होती, झाली नव्हती. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा तिला वाटलं, तो रडतोय. एकदा वाटलं, कुणीतरी हसलं. चार पन्नासला दार उघडलं.

"काय म्हणाल्या?" जिना उतरता उतरता तिने विचारलं.

"पुढच्या मंगळवारी या म्हणाल्या."

"ते झालं. पण बोललात काय एवढा वेळ?"

"सगळं तुला सांगायला गेलो नव्हतो वहिनी."

दोन आठवडे ज्याच्यासाठी जिवाचा आटापिटा केला, ज्याच्यापायी साहेबांची बोलणी खाल्ली, त्याने असं तोंडावर म्हणावं! मग तिच्या लक्षात आलं, की त्याचा आवाज चिडका होता. दोन आठवड्यांत तो तिच्यावर एकदाही चिडला नव्हता, तिच्याशी पडेल आवाजात फक्त 'हो' आणि 'नको' म्हणत होता. आणि तरीही तिला वाईट वाटलंच. दोन्ही एकदमच वाटलं.

स्टॉपवर पोचेपर्यंत बस निघून गेली. पुढची पंचवीस मिनिटांनी होती.

"तुझ्यामुळे चुकली," वहिनी म्हणाली. "जिन्यात किती हळू उतरतोस."

"गोळ्यांनी पाय जड होतात, सांगितलंय तुला. चालत जाऊ."

"चालत? चार स्टॉप? माझ्या चपला चावतायत सकाळपासून."

"मग बस इथे. मी जातो."

"एकटा?"

तो थांबला. तिच्याकडे बघून म्हणाला, "बरं, बसतो." आणि बाकावर तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "भूक लागलीय."

वहिनीने पर्स उघडून आत हात घातला आणि काही मिळतंय का ते चाचपायला लागली.